गरवणाऱ्याचं वर्ष

जाळ्याला पाणी गाळता येतं, गरीला येत नाही. जाळं टाकणारा पाण्याचा मोठा तुकडा कवेत घेतो आणि त्यात जे सापडेल ते ओढून काढतो. गरवणाऱ्याच्या हाती असतो एक काटा, त्याला टोचलेली कोळंबी आणि वीस-पंचवीस वाव तंगूस. एवढ्या मोठ्या खाडीत तो काटा जिथे पडेल तिथे, त्याच घटकेला, मासा हजर असायला हवा आणि त्याला भूकही असायला हवी. हा योग नशिबावर सोडला तर बहुतेक दिवस कोरडे जातात. म्हणूनच वर्षभर पाण्याकाठी उभा राहणारा माणूस हळूहळू एकाच प्रश्नाच्या मागे लागतो : मासा इथे, आत्ता, का येईल?

हा प्रश्न फार जुना आहे. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या साकितारी गुहेत समुद्री गोगलगाईच्या शंखापासून घासून केलेले गळ सापडले आहेत. त्यांचं वय सुमारे २३,००० वर्षं आहे. शेती तेव्हा कुठेच नव्हती, पण वाकवलेल्या टोकाने मासा धरायची युक्ती माणसाला साधली होती. हत्यार त्यानंतर फारसं बदललं नाही. शंखाच्या जागी लोखंड आणि वाखाच्या दोरीच्या जागी नायलॉन आलं, इतकंच. ते कुठे आणि कधी टाकायचं ही विद्या मात्र प्रत्येक किनाऱ्याला आपापली शिकावी लागली. कोकणच्या खाड्यांत, खडपांवर आणि पुळणीवर ती कशी शिकली जाते, हे एका वर्षाच्या फेऱ्यात पाहू.

घड्याळाआधी तिथी

खाडीकाठचा जुना गरवणारा निघण्याआधी घड्याळ पाहत नाही, तिथी विचारतो. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ मिळते, हा हिशेब किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला पूर्ण भरती. शुक्ल पक्ष असो वा वद्य, गणित तेच. यामागे चंद्राची चाल आहे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते आणि दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत जितकं आत जावं तितकी भरती उशिरा पोचते. आपल्या जागेचा हा फरक ज्याचा त्याने शोधायचा असतो.

वेळेइतकाच जोरही महत्त्वाचा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण येतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाण्याची हालचाल मंदावते. मुंबईला उधाणात भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, तर गोव्याकडे तो दोन मीटरच्या आसपास राहतो. तलासरीकडच्या माणसाने सांगितलेली युक्ती वेंगुर्ल्याला जशीच्या तशी चालत नाही, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

भरतीच्या सहा तासांत पाणी एकसारखं चढत नाही. समजा एकूण तीन मीटर चढायचं आहे. पहिल्या तासात ते जेमतेम पाव मीटर चढतं, दुसऱ्यात अर्धा मीटर, तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाऊण-पाऊण मीटर, मग पुन्हा अर्धा आणि शेवटी पाव. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोनच तासांत येतं. ओहोटीलाही हाच क्रम. या मधल्या वेळात खाडी जिवंत होते, कारण वाहतं पाणी खाणं घेऊन येतं. सगळं पाणी थिजलेलं असताना तासन्‌तास काठी धरून बसणाऱ्याला पहिल्या काही महिन्यांत हेच कळतं की आपली चिकाटी खरी होती, फक्त ती चुकीच्या तासांवर खर्च झाली.

नारळी पौर्णिमेनंतर : दोन पाण्यांची कड

श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की कोळीवाड्यांत नवं वर्ष सुरू झाल्यासारखं वाटतं. गरवणाऱ्याचंही वर्ष इथूनच सुरू होतं. पाणी अजून गढूळ असतं. वाशिष्ठी, शास्त्री, कर्ली, तेरेखोल या नद्या सह्याद्रीत उगम पावून थोडक्याच अंतरात समुद्र गाठतात, त्यामुळे पावसाचा सगळा जोर खाडीच्या तोंडाशी उतरतो. भाद्रपद-आश्विनात तो ओसरू लागतो आणि खारं पाणी पुन्हा वर सरकतं.

या दिवसांत कांदळवनातून येणाऱ्या एखाद्या वहाळाच्या तोंडाशी ओहोटीला उभं राहावं. तिवरांच्या आणि चिपीच्या मुळांमध्ये भरतीचं पाणी शिरलेलं असतं. ओहोटी लागली की ते पाणी चिखलातल्या बारीक घळींतून गोळा होत वहाळात उतरतं आणि सोबत कोळंबीची पिल्लं, बोटभर मासे, किडे, कुजलेला पाला घेऊन येतं. वहाळ जिथे मोठ्या धारेला मिळतो तिथे तपकिरी आणि हिरवट पाण्याची एक स्पष्ट रेघ दिसते. तिच्यावर फेस आणि काटक्या जमतात. रेघेच्या एका बाजूला पाण्याला ओढ असते, दुसऱ्या बाजूला ते जवळजवळ उभं असतं. तांबोशी किंवा जिताडा त्या संथ बाजूला, तळाशी एखाद्या दगडाच्या किंवा बुंध्याच्या आडोशाला तोंड प्रवाहाकडे करून राहतो. धारेत पोहत राहायला ताकद लागते आणि आडोशाला ती वाचते. खाणं आपसूक समोरून जातं, त्याने फक्त दोन हात पुढे व्हायचं आणि परत यायचं.

नवखा माणूस गरी सगळ्यात लांब, धारेच्या मधोमध फेकतो. वर्षभर पाणी पाहिलेला माणूस ती वहाळाच्या बाजूला, थोडी वरच्या अंगाला सोडतो आणि पाण्यालाच ती त्या रेघेपर्यंत नेऊ देतो. आमिष जितकं पाण्याच्या चालीने जाईल तितका माशाचा विश्वास बसतो. ही कड एकदा ओळखता आली की ती सगळीकडे दिसू लागते : पुलाच्या खांबामागे, जेटीच्या सावलीत, खडपाच्या कोपऱ्यावर, दोन नद्यांच्या संगमावर.

आश्विन-कार्तिकात गाळ बसतो, पाणी निवळतं आणि डाव पालटतो. गढूळ पाण्यात मासा वासावर आणि हालचालीवर शिकार करतो. त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंनी डोक्यापासून शेपटीपर्यंत एक संवेदनशील रेषा असते, तिने त्याला पाण्यातली बारीक थरथर जाणवते. निवळ पाण्यात त्याचे डोळे कामाला लागतात. तेव्हा जाड तंगूस, मोठं शिसं, काठावर पडलेली आपली सावली, हे सगळं त्याला खटकतं. पाण्यात लाल रंग सर्वांत आधी विझतो, त्यामुळे आपल्याला झगझगीत दिसणारं लाल आमिष थोड्या खोलीवर करडंच दिसतं. जिताड्याचे डोळे रात्री विजेरीच्या उजेडात निखाऱ्यासारखे चमकतात. डोळ्यामागचा परावर्तक थर अंधूक उजेडही पुन्हा वापरात आणतो आणि त्यामुळे झुंजूमुंजूला किंवा दिवेलागणीला त्याला भक्ष्यापेक्षा जास्त दिसतं. निवळ पाण्याच्या दिवसांत पहाट आणि तिन्हीसांजा का साधायच्या, याचं उत्तर त्या डोळ्यांत आहे.

हिवाळा : ओहोटीला वाचायचा किनारा

मार्गशीर्ष-पौषात सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, लाटा बसतात आणि पुळणीवरून गरवायचे दिवस येतात. मुडदुशी या काळातली लाडकी. वाळूतले किडे आणि बारीक कवचधारी जीव टिपत ती फुटत्या लाटांच्या आत, गुडघा-कमरभर पाण्यात फिरते. तिचं तोंड लहान असतं, म्हणून गरीही लहान लागते.

पुळण वरून सपाट दिसते, पण पाण्याखाली तशी नसते. लाटा वाळूचे दांडे रचतात आणि त्यांच्यामध्ये घळी राहतात. दांड्यावर लाट फुटून पांढरी होते, घळीवर ती न फुटता काळसर सरकते. भरतीला हे ओळखायला सराव लागतो, पण सुकतीला सगळं उघडं पडतं. म्हणून जाणती माणसं गरी-काठी न घेता नुसती ओहोटीला किनाऱ्यावर फिरतात. कुठे खळगा आहे, कुठून पाणी परत जातंय, कुठे तिसऱ्यांचा पट्टा आहे, काठावरच्या कोणत्या माडाच्या रांगेत ते येतं, हे मनात ठेवतात. ओहोटीला किनारा वाचावा आणि भरतीला गरी टाकावी. ज्याने हे एक वर्ष पाळलं त्याला दुसऱ्या वर्षी जागा विचारत फिरावं लागत नाही.

ओढ लागते तेव्हा

सगळं जुळून आलं, मासा आमिषापाशी आला, तरी काम अर्धंच झालेलं असतं. उरलेलं अर्धं बोटांवर आहे, आणि तिथे प्रत्येक माशाची रीत वेगळी. बोय चिखलावरचं शेवाळ आणि कुजका थर चाटून खाते, म्हणून तिला कणकेची गोळी चालते. ती गोळी कुरतडते, तोंडात घेऊन थुंकते, पुन्हा घेते. दोरीवर नुसती कुरकुर जाणवते. शिंगाळा आमिष घेऊन सरळ चालू लागतो. जिताडा चावतच नाही. तो एकदम जबडा आणि गालफडं फाकवतो, तोंडात पोकळी होते आणि पाण्यासकट भक्ष्य आत खेचलं जातं. रात्री शांत खाडीत ऐकू येणारा ‘टप्प’ आवाज त्याचाच. त्यानंतर तो तोंड मिटून वळतो आणि वळताना दोरी ताणली जाते.

पहिल्या धक्क्याला हिसका दिला तर काटा उघड्या तोंडातून तसाच बाहेर येतो. दोरी ताणली जाईपर्यंतचे दोन-तीन श्वास थांबणं ही शिकायला सर्वांत कठीण गोष्ट आहे, कारण हात आपल्या आधी धावतो. उलट फार वेळ थांबलं तर मासा गरी गिळतो आणि काटा घशात रुततो. यावर आता सर्कल हुकचा चांगला उपयोग होतो. त्याचं टोक आत, दांड्याकडे वळलेलं असतं. हिसका न देता दोरी नुसती ताणली की तो घशातून सरकत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. मासा लहान निघाला तर त्याला फारशी इजा न करता सोडता येतो.

सोडण्याचीही रीत आहे. कोरड्या हाताने धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याच्यासोबत रोगांपासूनचं संरक्षण जातं. हात आधी भिजवावेत, मासा पोटाखाली आधार देऊन धरावा, शक्यतो पाण्यातच काटा काढावा आणि तोंड प्रवाहाकडे करून त्याला स्वतःहून निघू द्यावं. कल्ल्यांत बोटं घालून उचललेला, फोटोसाठी वाळूवर लोळवलेला मासा पाण्यात सोडला तरी वाचेलच असं नाही.

वैशाख : तापलेलं पाणी आणि लांबून आलेली लाट

पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसातपर्यंत उतरतो. उष्णतेने माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज मात्र वाढते. म्हणून चैत्र-वैशाखात नदीतले मासे खोल डोहात, झऱ्याच्या तोंडाशी किंवा खळाळाखाली जमतात आणि दुपारी खाणं टाकून देतात. मरळीला हा जाच कमी, कारण ती पृष्ठभागावर येऊन हवा घेते. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यात ठरावीक वेळाने उमटणारं वर्तुळ बहुधा तिचं असतं.

आटलेल्या डोहात मासे एकवटलेले असतात, म्हणजे ते धरायला सोपे असतात. त्याच कारणाने ते तिथे सर्वांत जास्त धोक्यात असतात, कारण पुढच्या पावसात सगळी नदी याच उरलेल्या माशांनी भरायची असते. आपल्या पूर्वजांनी काही डोह देवाच्या नावाने राखले. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीच्या नावाने महासीर मासे आजही सांभाळले जातात, कोणी त्यांना हात लावत नाही. वैतरणेकाठी वाड्याजवळ तिळसे इथेही देवाचे मासे राखलेले आहेत. अशा डोहांमुळे नदीचं बियाणं टिकलं.

समुद्रकाठी या दिवसांत वेगळा धडा मिळतो. वारा पडलेला, आभाळ निरभ्र, आणि तरीही खडपावर अचानक उंच लाट चढते. ती इथल्या वाऱ्याची नसते. हजारो किलोमीटर दूर, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लांब लाटा अनेक दिवसांचा प्रवास करून पश्चिम किनाऱ्यावर येतात. पावसाआधीच्या महिन्यांत त्या विशेष जाणवतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था त्यांचा इशारा आधी देते. तो पाहूनच खडपावर जावं, ओल्या आणि शेवाळलेल्या कातळाच्या खाली उतरू नये, समुद्राकडे पाठ करू नये आणि एकट्याने जाऊ नये. मासा उद्याही मिळेल.

कोऱ्या दिवसांची नोंद

आठवण फसवी असते. मोठा मासा लागलेला दिवस ती घट्ट धरते आणि रिकाम्या हातांनी परतलेले दिवस पुसून टाकते. त्यामुळे ‘अमावास्येलाच मिळतं’ किंवा ‘त्या निळ्या आमिषाला हमखास’ असे समज तयार होतात. वही ठेवली तर ते तपासता येतात. तिथी, भरतीचा कितवा तास, पाण्याचा रंग, वाऱ्याची दिशा, जागा, आमिष आणि काय मिळालं, एवढ्या सात गोष्टी पुरतात. काही मिळालं नाही तर तेही लिहावं, किंबहुना तेच आधी लिहावं. वर्षअखेर पानं चाळली की दिसतं, काठी आणि रीळ बदलल्याने फार थोडं बदललं, पण वेळ आणि जागा बदलल्याने खूप काही. बाजारात नवं सामान घेण्याआधी ही वही जरूर वाचावी.

मृग : काठी ठेवायचे दिवस

मग पाऊस येतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला असतो हे एक कारण, आणि पुष्कळशा जातींचा हा अंडी घालण्याचा काळ असतो हे दुसरं. काठावरून गरी टाकणाऱ्यावर ही बंदी नाही. म्हणूनच इथे त्याचं स्वतःचं शहाणपण लागतं.

पहिल्या जोरदार सरींबरोबर ओहळ फुगतात, भातखाचरांत पाणी साचतं आणि नदीतले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. वलगणीचे, चढणीचे मासे म्हणून गावोगाव त्यांची वाट पाहिली जाते. ते चढतात ते अंडी घालायला, कारण उथळ, गवताळ, नव्याने भिजलेल्या जमिनीवर पिल्लांना खाणं भरपूर मिळतं आणि मोठे शिकारी तिथे पोचत नाहीत. पोटात गाभोळी भरलेली मादी चढताना मारली की एक मासा मिळतो आणि पुढची अख्खी पिढी जाते. परतीच्या वाटेवर तीच वीण खाली उतरते. तोवर धीर धरता येतो.

याच दिवसांत तळ्याच्या पृष्ठभागावर तांबूस पिल्लांचा एक झुबका हवा घ्यायला वर येताना दिसतो. ती मरळीची पिल्लं. त्यांच्या खाली आई-बाप राखण करत असतात. त्या झुबक्यात बेडकाच्या आकाराचं आमिष टाकलं तर मरळ त्याच्यावर तुटून पडते, पण भुकेने नव्हे. ती पिल्लांवर आलेला शत्रू हाकलत असते. तिला काढून घेतलं की तो झुबका पाहता पाहता इतर माशांच्या आणि पक्ष्यांच्या पोटात जातो. काळुंदरही अंड्यांना वारा घालत जोडीने राखण करतं. शिंगाळ्याचा नर तर अंडी कित्येक आठवडे तोंडात सांभाळतो आणि तेवढे दिवस उपाशी राहतो. काही जागांवर, काही दिवसांत गरी पाण्यात पडताच कामा नये, हे या माशांची रीत समजली की कोणी सांगावं लागत नाही.

मोठ्या माशाचंही तसंच. जिताडा जन्माला येतो तो नर म्हणून. पुढे वाढून सहा-आठ वर्षांचा, मीटरभराच्या जवळपास झाला की बहुतेकांची मादी होते. म्हणजे खाडीतले सगळ्यात मोठे जिताडे बहुतेक माद्या असतात आणि एकेक मादी लाखोंनी अंडी घालते. गोबऱ्याचं उलट आहे : तो आधी मादी असतो आणि मोठेपणी नर होतो. दोन्हींत फक्त मोठेच मासे काढत गेलं तर एक बाजू संपते आणि उरलेल्यांची जोडी जुळत नाही. लहानांचं कायद्याने पाहिलं आहे. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली, पापलेटसाठी १३५ मिलिमीटर आणि सुरमईसाठी ३७० मिलिमीटर अशी. तिच्याहून लहान मासा धरायचा नाही. खाण्यापुरते मधल्या मापाचे घ्यावेत, कोवळे आणि थोराड दोन्ही सोडावेत, हा नियम गरवणाऱ्याला पाळता येतो. जाळ्याला निवड करायची ती एकदाच, आस म्हणजे जाळ्याची भोकं विणताना. गरवणाऱ्याला प्रत्येक मासा हातात आल्यावर ठरवता येतं.

मासा कुठे, केव्हा, का येतो हे कळायला वर्षभराचं उन्ह-पाणी अंगावर घ्यावं लागतं. ते कळलं की त्याच माहितीने पुढचं गणितही सुटतं : तो कुठे, केव्हा आणि का सोडायचा. धरण्याची आणि सोडण्याची अक्कल वेगवेगळी शिकावी लागत नाही, दोन्ही एकाच पाण्यातून येतात. तेव्हा येत्या नारळी पौर्णिमेला नवी काठी घ्यायच्या आधी एक वही घ्या, त्यावर तिथी घाला आणि पहिल्या भरतीचा तिसरा तास गाठा.